रेकॉर्ड लागलेली असताना

सासूबाई येणार म्हणून घर डोक्यावर घेणारी सून मी तरी दुसरी पाहिलेली नाही. पण अमिरातीतल्या खोर फक्कानला लग्नानंतरची सगळी वर्षं काढलेल्या बाईला कुणीही येणार म्हटलं तरी हर्ष होतो. दुबईत मराठी माणसं होती, शारजात होती, त्यांचे कार्यक्रम असायचे, हळदीकुंकवं असायची. आमच्याकडे एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये बंदरातल्या क्रेन. नवरा बंदरातल्याच एका कंपनीत मेन्टेनन्सला होता. सकाळी जायचा तो संध्याकाळी यायचा, आणि आला की सोफ्यावर बसल्या बसल्या डोळे मिटायचा. मुलगी शाळेच्या बसने फुजैराला जायची. परत आल्यावर मी विचारायचे, "डबा संपवलास का गं?" तर उत्तर यायचं, "मोस्टली, ममा." शेजारची मल्याळी बाई जिवाला जीव देणारी होती, पण तिचं हिंदी आणि माझं हिंदी मिळून आम्ही भाजीच्या पुढे कधी गेलो नाही. दुपारी मी कुकरशी बोलायचे. हे गमतीने सांगत नाहीये. खरंच बोलायचे.

दोन हजार सालाच्या जरा पुढची ही गोष्ट. सासरे जाऊन वर्ष झालं होतं आणि सांगलीच्या घरात आई एकट्या होत्या. नवऱ्याने त्यांचा व्हिजिट व्हिसा काढला, मिळून मिळून तीन महिन्यांचा. त्यांच्या गुडघ्यांकडे पाहता पुन्हा येणं होणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. मी महिनाभर आधीपासून विषय साठवून ठेवले होते. नवरा लहानपणी कसा होता, त्यांची माहेरची माणसं, त्यांच्या हातच्या कटाच्या आमटीचं गुपित, आमच्या लग्नात रुसलेल्या मामींचं नंतर काय झालं, सगळं. लग्न झाल्यावर महिनाभरात मी इकडे आले, त्यामुळे ही बाई मला सासू म्हणून मिळाली तरी ओळखीची अशी झालीच नव्हती. मला बोलायला कुणीतरी हवं होतं. तेवढंच हवं होतं, आणि ते तीन महिने मिळणार होतं.

पण त्यांच्या आधी घरात रेकॉर्ड येऊन बसल्या होत्या.

सासऱ्यांचा हा संग्रह म्हणजे आमच्या सासरचं दैवत. ते सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि गाण्याचे वेडे होते. नाट्यपदं, ख्याल, ठुमऱ्या, भजनं, मोठ्या तबकड्या, छोट्या तबकड्या. वर्षश्राद्धाला नवरा जाऊन आला तेव्हा आणि त्याआधी एकदा, अशा दोन खेपांत त्याने त्या गोधड्यांत गुंडाळून इकडे आणल्या. प्लेअरही आणला. विमानतळावरच्या माणसाने तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "हबीबी, धिस इज फॉर म्युझियम?" नवऱ्याला ते फार लागलं होतं.

त्याचा बेत असा की घरातल्या नव्या कॉम्प्युटरवर सगळ्या रेकॉर्ड उतरवायच्या, त्यांच्या सीडी करायच्या आणि आई परत जाताना त्यांच्या हातात द्यायच्या. जुन्या प्लेअरची सुई आता मिळत नव्हती, आणि त्यांच्या थरथरत्या हाताला ती सांभाळणंही शक्य नव्हतं. "अण्णांचं सगळं आईला ऐकता आलं पाहिजे," तो म्हणायचा. "तिच्यापाशी दुसरं काय राहिलंय?" हे बोलताना त्याचा आवाज असा होई की नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. बापावर त्याचा जीव होता. आईवरही होता. फक्त ड्यूटीही होती, त्यामुळे काम माझ्या गळ्यात पडलं.

ज्यांनी हे केलेलं नाही त्यांना वाटतं, रेकॉर्ड ठेवली, बटण दाबलं, झालं. अर्ध्या तासाचं गाणं उतरवायला अर्धा तासच लागतो, त्यात घाई नावाची गोष्ट नाही. आधी मखमली कापडाने धूळ पुसायची. मग कॉम्प्युटरवरचं लाल बटण दाबून सुई हलक्या हाताने टेकवायची. पडद्यावर एक हिरवी रेघ थरथरायला लागते आणि आपण बसायचं. आमचा प्लेअर जुना, बाजू संपली तरी सुई आपणहून उठायची नाही, आतल्या खाचेत खर्र खर्र करत फिरत राहायची. म्हणून उठून जाताही येत नव्हतं. बाजू संपली की सुई उचला, नाव घाला, तबकडी उलटा, पुन्हा पुसा, पुन्हा बसा.

आणि गप्प बसा. नवऱ्याने पहिल्याच दिवशी सगळं बजावलं होतं. "सिग्नल क्लीन पाहिजे. एसी बंद, कारण कॉम्प्रेसर चालू झाला की रेकॉर्डिंगमध्ये टुक येतं. फॅनही नको. पाय आपटत चालायचं नाही, सुई उडते. फोन बाजूला काढून ठेव. आणि बोलायचं नाही. अजिबात म्हणजे अजिबात नाही."

मे महिना लागला होता. समुद्राकाठचा मे. एसी बंद केल्यावर पाच मिनिटांत मानेवरून घाम ओघळायला लागायचा. मी ओला टॉवेल गळ्यात टाकून बसायचे. आई दिवाणावर बसायच्या, पाय वर घेऊन, पदर खोचून, हात मांडीवर आणि डोळे मिटलेले. मला वाटायचं, केवढी ही तल्लीनता! नवरा गेलेल्या बाईला त्याचं गाणं ऐकताना काय काय आठवत असेल, आपण कोण मध्ये बोलणाऱ्या? म्हणून बाजू बदलतानाही मी फार बोलायचे नाही. दोन वाक्यं व्हायची, फार तर तीन.

"आई, तुमच्या माहेरी विहीर होती ना?"

"होती की. अंगणातच होती."

आणि सुई टेकायची. विहीर तिथेच राहायची.

बाजू संपली की आई मात्र टुणकन उठायच्या. गुडघे दुखणारी बाई एवढ्या चपळाईने कशी उठते याचं मला नवल वाटे. मनसोक्त खोकून घ्यायच्या, घसा साफ करायच्या, स्वयंपाकघरात जाऊन फोडणी टाकायच्या, भांडी खाली ठेवायच्या, नळ सोडायच्या. मी पुढची बाजू पुसेपर्यंत हा सगळा दणदणाट उरकून त्या परत दिवाणावर हजर. मी म्हणायचे, "आई, राहू द्या हो, मी करते नंतर." त्या फक्त हाताने "असू दे" म्हणायच्या, कारण तोवर सुई टेकलेली असायची.

एका शुक्रवारी नवरा घरी होता. जेवणं झाली होती आणि आईंनी आपणहून त्यांच्या बघण्याच्या कार्यक्रमाची हकिगत काढली होती. मुलगी कशी चालते हे बघायला सासऱ्यांच्या आत्याबाईंनी त्यांना पाणी आणायच्या निमित्ताने तीनदा आत पाठवलं, इथपर्यंत आल्या. मी पुढे सरकून बसले होते. माझी लेकसुद्धा, जी कशातच मराठीतून लक्ष घालत नाही, ती म्हणाली, "देन व्हॉट हॅपन्ड, आजी?" तेवढ्यात नवऱ्याने तबकडी लावली आणि ओठांवर बोट ठेवलं. आई वाक्याच्या मध्येच थांबल्या. रागावल्याही नाहीत. नळ बंद व्हावा तशा थांबल्या. ती बाजू संपल्यावर मी विचारलं, मग काय झालं? म्हणाल्या, "जाऊ दे गं, काही विशेष नाही त्यात."

त्या तबकड्यांवरच्या थोर गायकांची क्षमा मागून सांगते, मला त्या सगळ्यांचा वीट आला होता. विलंबित ख्याल सुरू झाला की मला भीती वाटायची. एक एक आलाप म्हणजे माझ्या तीन महिन्यांतून कुणीतरी चिमटीने काढून घेतोय असं वाटायचं. पहिला महिना गेला, दुसरा गेला. तयार सीडींची चळत वाढत गेली, नवरा रोज संध्याकाळी ती हातात घेऊन बघायचा आणि म्हणायचा, "शाब्बास, यल्ला, आता नाट्यसंगीत खलास करून टाकू." मी हो म्हणायचे. दमले होते, भांडायलाही दम लागतो. आणि भांडणार कशावर? म्हाताऱ्या आईसाठी मुलगा करतोय, आणि आई डोळे मिटून ऐकतेय. मधे मी कोण?

आई जायला आठवडाभर राहिला होता. सकाळची वेळ होती, नवरा ड्यूटीवर, लेक शाळेत. एक भजनाची रेकॉर्ड लावली होती. मध्यावर आली असेल आणि आईंना ठसका लागला. आधी त्यांनी पदर तोंडात कोंबला. चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी त्या आवाज दाबतच होत्या. मग दबेना. जोराचा खोकला आला, एकामागून एक. मी पाणी आणायला धावले, पाय आपटत धावले, सुई उडाली तर उडू दे म्हटलं. उडाली नाही.

खोकला थांबला तेव्हा त्यांचे पहिले शब्द काय होते? "बिघडलं का गं सगळं? पुन्हा लावावी लागेल का?" आणि त्या माझ्याकडे अशा बघत होत्या की जणू हातून काचेची बरणी फुटली आणि आता कुणीतरी ओरडणार. मी म्हटलं, "आई, तेवढा खोकला मी कापून टाकते. कुणाला कळणारही नाही."

बाजू संपल्यावर मी कापायला बसले. जागा माझ्या लक्षात होती, दुसऱ्या अभंगाचं शेवटचं कडवं. ऐकलं. खोकला नव्हता. मागे जाऊन ऐकलं, पुढे जाऊन ऐकलं, हेडफोन लावून ऐकलं. गायक बुवा, टाळ, मृदंग, रेकॉर्डची ती बारीक चरचर. खोकला कुठेच नव्हता.

मग मी दुसरी तबकडी लावली, लाल बटण दाबलं आणि मोठ्याने म्हणाले, "ए!" हिरवी रेघ गाण्याबरोबर हलत होती तशीच हलत राहिली. टाळ्या वाजवल्या. स्वयंपाकघरातून ताट आणि पळी आणून बडवलं. रेघेला पत्ताच नाही. टेबलामागे वाकून मी वायर बघितली. प्लेअरमधून निघून अॅम्प्लिफायरमध्ये, तिथून कॉम्प्युटरच्या मागे. सुईला जे लागतं तेच वायरीतून जातं. आपला आवाज जायला त्यात कुठे वाटच नव्हती. इतके दिवस वायर डोळ्यांसमोर होती.

मला आधी हसू आलं. मग इतका संताप आला की पळी हातातच राहिली.

आई दारात उभ्या होत्या, ताटाचा आवाज ऐकून आलेल्या. मी म्हटलं, "आई, आपला आवाज यात जातच नाही. बोललेलं चालतं. ओरडलेलं चालतं."

"रेकॉर्ड चालू आहे," त्या कुजबुजल्या.

"असू दे ना. बघा, मी बोलतेय. काही होत नाही."

त्या येऊन दिवाणावर बसल्या. फिरणाऱ्या तबकडीकडे बघत होत्या. मी हळूच म्हटलं, "जवळजवळ तीन महिने फुकट गप्प बसलो आपण. पण तुम्ही ऐकत तरी होतात. तुम्हाला आवडतात ना ही गाणी?"

"मला?" त्या म्हणाल्या. "मला असं कुणी विचारलेलं नाही बाई आजवर."

"मग रोज डोळे मिटून बसत होतात ते?"

"पेंगत होते. तुला हौस आहे, नवऱ्याच्या मागे लागून एवढं करतेयस, तर आपण कशाला मोडता घाला, म्हणून बसायचे."

"मला वाटलं तुम्हाला हवंय!"

गाणं आपलं चालूच होतं. मग त्या बोलायला लागल्या, आधी दबक्या आवाजात, आणि अधूनमधून त्या तबकडीकडे बघत.

"ते कचेरीतून आले की चहा. चहा झाला की रेकॉर्ड. रेकॉर्ड लागली की घरात चिडीचूप. मुलांना मी खुणेनं दटावायची. फोडणी बाजू बदलताना टाकायची, दाण्याचं कूट बाजू बदलताना कुटायचं. माणूस वाईट नव्हता हो. कधी हात उगारला नाही, कधी ताटावरून उठला नाही. पण तीच एक वेळ ते घरात असायचे आणि मला काही सांगायचं असायचं. तर मी बाजू संपायची वाट बघायची. आणि बाजू संपेपर्यंत वाटायचं, एवढं काय त्यात, जाऊ दे."

मला रडू आलं. त्यांना नाही आलं. त्यांनी पदराने कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाल्या, "तो एसी लाव आधी."

संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं. भांडायच्याच तयारीने सांगितलं. त्याने बूट काढता काढता सहज उत्तर दिलं, "ऑफकोर्स नाही येणार आवाज. लाइन-इन आहे ना ते, माइक थोडाच आहे."

"तुला माहीत होतं?"

"अगं, त्यात माहीत असण्यासारखं काय आहे? बेसिक आहे."

"मग आम्हाला गप्प का बसवलंस?"

तो थांबला. एक बूट पायात, एक हातात. खरंच विचारात पडला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर कपट म्हणून नव्हतं. मग अगदी भाबडेपणाने म्हणाला, "रेकॉर्ड लागलेली असताना बोलतात का कधी?"

देवळात चप्पल घालून जातात का, असं विचारावं तसं. इंजिनिअर माणूस, दिवसभर तारा जोडणारा आणि तोडणारा. त्याला वायरीचं सगळं कळत होतं. आई समोरच लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण पाकळी सोलणारा हात थांबला. ते त्यालाही दिसलं. तो उठला आणि आत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिला. त्या दिवशी त्याने सीडींची चळत हातात घेतली नाही.

त्या आठवड्यात आम्ही बोललो. राहिलेल्या रेकॉर्डही लावल्या, नवऱ्याच्या समाधानासाठी, एसी चालू ठेवून. येईना का टुक. पण बोलणं असं हुकमाने येत नाही. बॅगा भरायच्या होत्या, सांगलीतल्या बायकांसाठी खजूर, साबण, बदाम घ्यायचे होते. मी आत्याबाईंचं विचारलं. तर त्या म्हणाल्या, चौथ्यांदा पाणी आणायला पाठवलं तेव्हा मी तांब्याच त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, आता सगळं एकदम प्या. एवढंच. मी पोट धरून हसले, आणि लगेच वाटलं, अशा किती गोष्टी असतील हिच्याकडे. तीन महिने माझ्या घरात बसून होती.

विमानतळावर त्यांनी सीडींची पिशवी स्वतःच्या हातात घेतली. नवऱ्याने त्यांना छोटा सीडी प्लेअरही दिला, कसा लावायचा ते चारदा दाखवलं. त्या मुकाट्याने हो हो म्हणाल्या. मला वाटलं, नेतील आणि कपाटात टाकतील. टाकाव्यात, असंच मला वाटत होतं.

घर पुन्हा होतं तसं झालं. मी पुन्हा कुकरशी बोलायला लागले, फक्त आता त्याचं मला वाईट वाटायचं. महिन्याभराने एका दुपारी मी फोनचं कार्ड घासून सांगलीला फोन लावला. गुडघे, पाऊस, कामवाली, सगळं झालं आणि मी विचारलं, "सीडी पडून असतील ना तशाच?"

"छे. रोज संध्याकाळी लावते."

मला राग आला. खरंच आला. एवढं बोलून झाल्यावर पुन्हा तेच! मी म्हटलं, "सवय काही जाणार नाही तुमची. कुणी गप्प बसायला सांगितलंय आता?"

"अगं, गप्प कोण बसतंय? लावते आणि बोलते."

"कुणाशी?"

"त्यांच्याशीच की." त्यांना त्यात काही विशेष वाटत नव्हतं. "त्यांच्या फोटोपुढे नुसतं बोलायला गेलं तर तोंडच उघडत नाही बघ. गाणं चालू झालं की येतं. आणि तुमच्या या सीडीचं एक बरं आहे, बाजू बदलायला उठावं लागत नाही. सलग सांगता येतं."

मी विचारलं, "काय सांगता हो त्यांना?"

"सगळंच. पहिल्यापासून," आई म्हणाल्या. "आत्ता कुठे तुझ्या नवऱ्याच्या बारशापर्यंत आलेय."